केस्टर बेशुद्ध पडतो

“मेला का तो?” दिलीप कांबळेनं विचारलं.

“बेशुद्ध पडलाय,” अण्णा म्हणाले.

“अहो अण्णा, छातीत लागली गोळी.”

“खांद्यात. नीट बघत जा. आता डॉक्टरकडे नेतील त्याला.”

पडद्यावर त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नव्हतं. तो धुळीत पालथा पडला होता, त्याची हॅट वाऱ्यानं गडगडत चालली होती, आणि टॉम केस्टर त्याच्याकडे पाठ करून घोड्याला पाणी पाजत होता. सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या पोरांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मी हसले नाही. मला राग आला होता, आणि हा राग दर गुरुवारी थोडा थोडा वाढत होता.

१९७७ सालचा एप्रिल संपत आला होता. मी बारा वर्षांची होते. पुण्यात पाटबंधारे खात्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहत होतो. अण्णा खात्यात ड्राफ्ट्समन होते, कालव्यांचे नकाशे काढायचे. आमच्या तीन बिल्डिंगींत टीव्ही एकट्या आमच्याकडे होता. लाकडी शटरचा, चार पायांचा, काळापांढरा. केस्टरची मालिका अमेरिकन होती आणि इंग्रजीत होती. आम्ही सगळे मराठी शाळेतले. त्यातलं आम्हाला ‘यस’ आणि ‘नो’ एवढंच कळे, तेही बोलणाऱ्यानं मान हलवली तर. म्हणून अण्णा टीव्हीशेजारी उभे राहत आणि हातातल्या नकाशाच्या पट्टीनं बोलणारा माणूस दाखवून तो काय म्हणतोय ते मराठीत सांगत.

“हा म्हणतो, तुझी पाळी मंगळवारी होती. आज बुधवार. पाट बंद कर. केस्टर म्हणतो, वरच्या अंगाच्या लोकांनी आधी पाणी तोडलं, त्याचं काय?”

अण्णांच्या अमेरिकेत बहुतेक भांडणं पाण्याच्या पाळीवरून होत. बँक लुटायला आलेले लोकसुद्धा अण्णांच्या तोंडून बंधाऱ्याचा नकाशा मागायचे. आणि अण्णांच्या अमेरिकेत कुणी मरत नसे. कड्यावरून पडलेला, आगीत सापडलेला, सहा गोळ्या लागलेला, सगळे बेशुद्ध पडत.

“मागच्या गुरुवारचा तो दाढीवाला शुद्धीवर आला का हो?” मुजावरांची शमा विचारायची. तिचा चेहरा अगदी निरागस असे.

“आला तर. आता दुसऱ्या गावी दुकान टाकलंय त्यानं.”

“कसलं?”

“भुसारी.”

यावरून क्वार्टर्समध्ये एक नवी रीत पडली. पोरं लपाछपीत आणि चोर-पोलिसात ‘ठो’ करून ‘मेलास’ म्हणायच्या ऐवजी ‘बेशुद्ध’ म्हणायला लागली. खालच्या नळावर भांडी घासणाऱ्या बायकासुद्धा हसायच्या. मला ते सहन होत नसे. केस्टर माझा होता. रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी मासिकातलं त्याचं चित्र मी भूगोलाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. डोळे बारीक करून लांब कुठेतरी बघणारा, गालावर खळगा असलेला माणूस. त्याखाली बारीक अक्षरांत त्या नटाचं खरं नाव होतं, लॉइड मार्बरी. ते मी देवाच्या नावासारखं रोज एकदा वाचत असे. केस्टर बंदूक काढायचा ती उगाच काढत नव्हता, एवढं मला इंग्रजी न कळतासुद्धा कळत होतं. आणि अण्णा त्याला पाणीवाटपाचा कारकून करून टाकत होते.

मे महिन्यात जयू आला.

जयू माझा मावसभाऊ. त्याचे वडील जमशेदपूरला कारखान्यात होते. जयू तिथे कॉन्व्हेंटमध्ये दहावीत होता. उंच, मिसरूड फुटलेला, मराठी निम्मं हिंदीतून बोलणारा. मावशीनं त्याला सुट्टीत आमच्याकडे पाठवलं होतं. आल्या आल्या बॅग खाली ठेवून तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला.

“तिथे नको,” मी म्हटलं.

तो झटकन उठला. “सॉरी,” म्हणाला. मग खाटेकडे, तिच्यावरच्या घडी घातलेल्या चादरीकडे बघत राहिला.

ती हेमूची खाट होती. हेमू माझा मोठा भाऊ. आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याला ताप आला, मान ताठ झाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चौदा वर्षांचा होता. त्या शेवटच्या रात्री मी अर्धवट झोपेत होते. आतल्या खोलीत अण्णा आणि आई बोलत होते. “आत्ता नेऊ,” असं कुणीतरी म्हणालं आणि “सकाळी नेऊ” असं कुणीतरी म्हणालं, एवढं मला आठवतं. दोघंही कुजबुजत होते. कोण काय म्हणालं ते मला कळलं नाही, आणि पुढे विचारायची सोय राहिली नाही. आई त्यानंतर आतल्या खोलीतच असे. अंघोळ करी, ताटात वाढलेलं खाई, पण बाहेरच्या खोलीत येत नसे, आणि कुणी तिला रडताना पाहिलं नाही. स्वयंपाक अण्णा करत, भाज्या मी चिरत असे. हेमूचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. घरात काहीतरी आवाज असावा म्हणून अण्णांनी दिवाळीत टीव्ही आणला. गुरुवारी ते मधलं दार सताड उघडं ठेवत. उकडतं म्हणून, असं मी समजत होते.

जयूनं पहिला गुरुवार गप्प बसून पाहिला. अण्णा पट्टी फिरवत सांगत होते आणि जयू एकदा पडद्याकडे, एकदा अण्णांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पापड राखत बसलो असताना तो म्हणाला, “वैजू, तुझे अण्णा पूरी कहानी मनानं बनवतात.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं. खरं म्हणजे एवढं स्पष्ट मला माहीत नव्हतं. अण्णा थोडंफार मऊ करून सांगतात, एवढंच मला वाटे.

“त्या माणसानं केस्टरच्या फ्रेंडला मारलं होतं. म्हणून केस्टर त्याच्या पाठीमागे होता, तीन एपिसोड. पानी-वानी काही नाही त्यात.”

“मेला ना तो?”

“कोण?”

“तो. गोळी लागलेला.”

“एकदम डेड.”

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला एक अर्धा ओला पापड दिला. तो खाता खाता त्यानं दुसरी बातमी सांगितली. त्यांच्या कारखान्याच्या लायब्ररीत अमेरिकन मासिकं येत. त्यात त्यानं वाचलं होतं की लॉइड मार्बरी मालिका सोडून गेला. मालकांशी पटलं नाही. म्हणून शेवटच्या भागात त्यांनी केस्टरलाच मारलं. इथे दाखवतात ते भाग जुने असतात. आता शेवटचे दोनच उरले असतील.

“खोटं,” मी म्हटलं.

“देख लेना.”

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. केस्टर मरणार हे एक दुःख होतंच. पण त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. केस्टर मरेल आणि अण्णा पट्टी त्याच्याकडे करून म्हणतील, बेशुद्ध पडलाय. तीस पोरं हसतील. मग तो कुठल्या तरी गावी भुसारी दुकान चालवेल. माझ्या केस्टरला नीट मरणसुद्धा मिळणार नाही.

शेवटच्या भागाच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, अण्णा तांदूळ निवडत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, उद्या जयू सांगेल गोष्ट. त्याला इंग्रजी येतं.”

“मला येत नाही?”

“तुम्ही कुणाला मरू देत नाही.”

अण्णांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. “उद्या मीच सांगणार आहे,” ते म्हणाले.

“का पण? सगळे हसतात तुम्हाला.”

“हसू दे की.”

“मला नाही आवडत.”

“वैजू, जयूला तू शुक्रवारी विचार. शनिवारी विचार. गच्चीवर जाऊन विचार. गुरुवारी या खोलीत मी सांगेन.” अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण पुढे बोलायला त्यात जागा नव्हती. मी पाय आपटत बाहेर गेले. माझ्या बापाला साधी गोष्टसुद्धा धड सांगता येत नाही, असं मी नळावर शमाला सांगितलं. ती म्हणाली, “असू दे गं. आमचे अब्बा तर बोलतच नाहीत.”

गुरुवारी खोली नेहमीपेक्षा भरली होती. केस्टर मरणार ही बातमी जयूनं तिन्ही बिल्डिंगींत केली होती. दाराबाहेर चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. हेमूची खाट तेवढी रिकामी होती.

पडद्यावर संध्याकाळ झाली आहे. केस्टर एका विधवा बाईच्या घरी उतरला आहे. गावातला जुना वैरी कुंपणाआडून गोळी झाडतो. केस्टर पोट धरून पायरीवर बसतो. बाई आणि गावचा शेरीफ त्याला उचलून आत नेतात. बाई त्याच्या कपाळावर ओलं फडकं ठेवते. शेरीफ दाराशी उभा राहून काहीतरी बोलतो. दिवा विझतो.

“लागलंय जरा,” अण्णा म्हणाले. “बाई म्हणते, विश्रांती घ्या. शेरीफ म्हणतो, बरोबर आहे.”

मग सकाळ झाली. माळावर दोन माणसं खड्डा खणत होती. शेजारी जमिनीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट ठेवलं होतं. खोलीत कुणी हलेना.

अण्णांची पट्टी वर गेली आणि तशीच राहिली. “झाड लावतायत,” ते म्हणाले.

“चादरीत काय आहे?” शमानं विचारलं. यावेळी तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“रोप.”

“एवढं लांब?”

“माडाचं असेल,” मागून दिलीप म्हणाला, आणि हसू फुटलं.

“बंदुका आहेत,” अण्णा घाईघाईनं म्हणाले. “केस्टरनं सगळ्या बंदुका टाकून दिल्या. त्या पुरतायत. आता यापुढे इथे कुणी कुणावर...”

“मग केस्टर कुठाय?”

“तो पुढे गेला.”

“भुसारी दुकान टाकायला,” दिलीप म्हणाला. आता सगळीच पोरं हसत होती, एकमेकांच्या अंगावर पडत. जयू लाल झाला होता. “काका, ही इज डेड,” तो म्हणाला. “चादरीत केस्टरच आहे.” अण्णांनी ऐकलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते पट्टी खड्ड्याकडे करून, हसण्याच्या वर आवाज काढून सांगत होते की बंदुकांचं लोखंड मातीत गंजून जातं, मग त्यावर गवत चांगलं येतं.

मी उभी राहिले.

“मेला तो,” मी म्हटलं. “अण्णा, मेला म्हणा. सगळ्यांना दिसतंय. एकदा म्हणा.”

“खाली बस.”

“मग हेमूपण बेशुद्धच पडलाय का?”

हसणं एकदम थांबलं. टीव्हीवर कुदळीचा आवाज तेवढा येत होता. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या डोक्यावरून मागे बघत होते. मी वळले. मधल्या दारात आई उभी होती.

तिच्या हातात काही नव्हतं. पदर डोक्यावर नव्हता. दिवाणखान्यातल्या दिव्याची सवय नसल्यासारखे तिनं डोळे बारीक केले होते. ती पुढे आली. पोरांनी पाय आवरून तिला वाट दिली. ती हेमूच्या खाटेपाशी आली, क्षणभर थांबली आणि खाटेवर बसली. मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, “जयू, काय म्हणतायत ते? नीट सांग.”

मी पळाले. चपलांच्या ढिगावरून उडी मारून, जिना उतरून, खाली मागच्या अंगाला आमच्या खिडकीखाली नळ होता तिथे जाऊन बसले. पोरं एकेक करून निमूट बाहेर पडली. कुणी माझ्याशी बोललं नाही. आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि खिडकी उघडी होती. आधी नुसतं टीव्हीचं संगीत ऐकू आलं. मग तेही थांबलं. मग जयूचा आवाज आला. तो थांबत थांबत बोलत होता.

“शेरीफ म्हणतो, बाई, तुमचा काही दोष नाही.”

मग बराच वेळ काही नाही.

“तुम्ही म्हणत होता, आत्ता नेऊ. सकाळी नेऊ असं मी म्हणालो. मला वाटलं, साधी गोष्ट आहे. रात्रीचं कुठे न्यायचं, असं वाटलं.”

पुन्हा थांबला.

“उशीर मी केला. तुम्ही नाही. तुम्ही त्याच्या उशाशी बसून होता. तो शेवटी तुमच्याकडेच बघत होता. हे मी आधीच बोलायला हवं होतं. मला बोलता आलं नाही.”

आणि मग आई रडायला लागली. तसं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. शेजारच्या बिल्डिंगीतल्या बायका गॅलरीत आल्या. मी नळाच्या कट्ट्यावर गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिले. आपण काहीतरी भयंकर केलं आहे, एवढंच मला कळत होतं.

बऱ्याच वेळानं अण्णा खाली आले. त्यांचे डोळे सुजले होते. “चल जेवायला,” ते म्हणाले. बस. त्या दिवसाबद्दल पुढच्या सत्तेचाळीस वर्षांत ते माझ्याशी एवढंच बोलले.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात दिसली. पुढच्या गुरुवारी दुसरी कुठलीशी मालिका लागली. अण्णा खुर्चीवर बसले. “सांगा की अण्णा,” पोरं म्हणाली. “आता तुम्हाला कळतं,” असं म्हणून त्यांनी पेपर वर केला. जूनमध्ये जयू जमशेदपूरला परत गेला.

या सगळ्याचा हिशोब मी माझ्यापुरता लावला होता आणि त्यावर आयुष्य काढलं. मालिकेतला एक शेरीफ योगायोगानं नेमकं तेच बोलला, जे आमच्या घरात कुणीतरी बोलायला हवं होतं. परक्या देशातल्या एका खोट्या माणसाच्या थडग्यापाशी आईला तिच्या मुलासाठी रडता आलं. मोठेपणी मी साहित्य शिकले, शिकवलं, आणि गोष्ट माणसाला काय करते याचं उदाहरण म्हणून वर्गात दरवर्षी ही हकीकत नावं बदलून सांगत आले. लॉइड मार्बरीचे मी मनोमन आभार मानत आले. अण्णांचे नाही. ज्या माणसानं तीस पोरांसमोर पाणीवाटपाच्या शंभर गोष्टी रचल्या, त्याला स्वतःच्या मुलाबद्दल एक वाक्य बोलता आलं नाही, हे मी त्यांना कधी माफ केलं नाही. हेमूच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ते सकाळीच ऑफिसला जात. मी लग्न होऊन गेले, परत येत-जात राहिले. आमचं बोलणं हवापाणी, औषधं, पेन्शनचे फॉर्म. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

या जानेवारीत अण्णा वारले. ब्याण्णव वर्षांचे होते, झोपेत गेले. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी एका संकेतस्थळावर मला लॉइड मार्बरीच्या मृत्यूची चार ओळींची बातमी दिसली. अण्णांच्याच वयाचा. म्हातारपणी तो रोपवाटिका चालवत होता. खाली त्याची एक जुनी मुलाखत होती. त्यात त्यानं सांगितलं होतं की त्याला घोड्यांची भीती वाटे, आणि केस्टरला पुरलं त्या दिवशी तो चित्रीकरणाला नव्हताच. चादरीत वाळूची पोती भरली होती. तो तेव्हा विमानात होता.

कुणा चाहत्यानं जुने भागही टाकले होते. शेवटचा भाग मी स्वयंपाकघरात उभ्यानं पाहिला. चित्र फार खराब होतं. कुंपण, पायरी, ओलं फडकं, दिवा. मग माळ आणि खड्डा. शेरीफ हॅट काढून उभा राहतो. बाई काही बोलत नाही. शेरीफ म्हणतो, “हा माणूस कुणाला फारसा आवडला नाही. उरका, वारा सुटायच्या आत माती टाका.” आणि हॅट घालून निघून जातो. एवढंच. मी तो भाग पाच वेळा मागे नेऊन ऐकला. दुसरा शेरीफ नव्हता, दुसरं वाक्य नव्हतं.

जयू आता नागपुरात असतो, निवृत्त आहे. अण्णांच्या तेराव्याला त्याला येता आलं नव्हतं, म्हणून फेब्रुवारीत आईला भेटायला आला. मी त्याला टेबलाशी बसवून फोनवर तो भाग लावून दिला. त्यानं तो शेवटपर्यंत पाहिला.

“हे तू त्या दिवशी काय सांगितलंस?” मी विचारलं. “कुठून आणलंस ते सगळं?”

“मला काय कळत होतं गं,” जयू म्हणाला. आता त्याचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. “तो शेरीफ तोंडात तंबाखू धरल्यासारखा बोलायचा. निम्मं मी अंदाजानं ठोकायचो. पंधरा वर्षांचा होतो, हुशारी दाखवत होतो. आणि मावशी खाटेवर बसून माझ्याकडे बघायला लागली. माझी वाचाच बसली.”

“मग?”

“काका मागे येऊन उभे राहिले. आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात एकेक वाक्य सांगायला लागले. मी फक्त मोठ्यानं म्हणत गेलो. हात इतका दाबून ठेवला होता की दोन दिवस खांदा दुखत होता.”

“हे मला सत्तेचाळीस वर्षांत सांगावंसं वाटलं नाही तुला?”

तो गोंधळला. “मला वाटलं तुला माहीत आहे. तुमच्याच घरातली गोष्ट ती.”

जयूला रिक्षात बसवून मी परत आले तेव्हा आई गॅलरीत लसूण सोलत बसली होती. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. कानानं थोडी कमी, बाकी लख्ख. मी तिच्यासमोर पाटावर बसले आणि जयूनं काय सांगितलं ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली, जशी भाजीचा भाव ऐकून हलवते.

“तुला माहीत होतं?”

“त्या पोराला तेव्हा ‘दार लाव’ म्हणता येत नव्हतं. दरवाजा बंद कर म्हणायचा. तो एवढं सरळ मराठी बोलेल होय?”

“मग तू अण्णांना काही म्हणाली नाहीस?”

“काय म्हणणार? ते शेरीफ झाले होते, मी ती बाई झाले. त्यांना तेवढं जमलं.” तिनं सालं फुंकून बाजूला केली. “खरं तर सकाळी नेऊ असं दोघांनाही वाटलं होतं. मी एकदा आत्ता नेऊ म्हटलं, मग मीही गप्प बसले. पण त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं.”

“आणि मी? मला का नाही सांगितलं त्यांनी? मी किती वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही, आई.”

“दिसत होतं की ते. त्यांनाही दिसत होतं. म्हणायचे, वैजूनंही ऐकायला हवं होतं.”

“मग पुन्हा सांगायचं होतं.”

आई जरा हसली. “एकदा बोलायला त्यांना तुमचा केस्टर मरावा लागला. दुसऱ्यांदा कोण मरणार होतं?”

“पण मी ऐकलं होतं,” मी म्हटलं. “मी खिडकीखाली होते. सगळं ऐकलं मी. मला वाटलं, टीव्हीतलंच आहे. जयू सांगतोय.”

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली रस्त्याकडे.

“ऐकलं होतंस?” ती म्हणाली. “ते तर जाईपर्यंत म्हणत होते, पोरगी तेवढी बाहेर राहिली.”